आधी बूड, मग रंग

कसालला हायवेलगत जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. मी तिथे लहानशी गाडी बघायला गेलो होतो आणि एका पांढरीवर माझं मन बसलंही होतं. तेवढ्यात पाठीला कॉलेजची सॅक लावलेली एक मुलगी आली आणि सरळ एका जुन्या, काळ्या जर्मन गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"गो बाय, अजून शिकतंस तू," आवाराचे मालक हसले. "ल्हान गाडी घे."

"पैशेवाल्यांका आता गियराची गाडी नको, म्हणान ही माज्या आटोक्यात येता," ती म्हणाली. सुट्टीत वडिलांच्या होडीतून पर्यटक फिरवून तिने पैसे साठवले होते.

ती आत बसली. क्लच दाबून एकेक गियर टाकताना तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झाला सौदा. पण ती उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि तांबड्या मातीत उताणी होऊन गाडीखाली शिरली. बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकत गेली. टण्, टण्, आणि मग एक बद्द आवाज.

"ही किनाऱ्यार धावलेली आसा, काका. खाऱ्या पाण्यान खाल्ली. आमच्याकडे होडयेचा बूड आधी बघतत, रंग मागसून."

"मग ऑटोमॅटिक दाखवू?"

"नको. घेईन तर गियराचीच, आणि अशीच, पण बूड घट आसलेली. तवसर थांबतलंय."

दारावर उमटलेला आपल्या हाताचा मातकट ठसा तिने ओढणीने पुसला आणि ती एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

मालक माझ्याकडे वळले. "तुमची पांढरी पक्की ना?"

मी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मातीत आडवा झालो.