समुद्राकडच्या घराचा गुरुवार

दर गुरुवारी समुद्राकडच्या त्या घरात शिरली, की गुनेल आधी पायमोजे काढायची. मालक कामावर गेलेले असत. लाकडी जमिनीवर पाण्यावरचे कवडसे हलत, आणि तिला वाटे, आपण उथळ पाण्यात उभे आहोत. घर हळूहळू किनारा सोडून चाललंय.

हे घर तिला मोबाइलवरून सफाईची कामं देणाऱ्या कंपनीने दिलं होतं. ग्राहकांकडून जिला जास्त तारे, तिला चांगली घरं. चांगल्या घरात बाई दमत नाही, म्हणून तारे आणखी वाढतात. नव्याने लागलेल्या सेलामच्या वाट्याला स्वीडनमधल्या योतेबोर्ग शहरातल्या बिनलिफ्टच्या इमारतींचे जिने आले. दमल्या हाताने कोपरे राहत, तारे गळत, की पुन्हा जिनेच.

भांडभांडून बायकांनी कंपनीकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: कामं कशी वाटायची, ते काम करणाऱ्यांनीच ठरवायचं. बैठक त्यांच्यातल्याच इल्वाच्या इमारतीतल्या सामायिक धुण्याच्या खोलीत भरली. कॉफी, दालचिनीचे पाव, मागे मशिनांची घरघर.

"ही मशिनं आपण कशी वापरतो?" इल्वा म्हणाली. "आळीपाळीने. तुझी चादर किती पांढरी, असं विचारतं का कुणी? मग घरंही तशीच फिरवू."

"आधी गुनेलला विचारा बाई," कुणीतरी म्हणालं. "ते घर म्हणजे तिचा दुसरा नवरा!"

"पहिल्यापेक्षा बरा आहे," गुनेल म्हणाली. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

मतं निम्मी निम्मी पडली. गुनेलचंच उरलं. समोर सेलाम गुडघा चोळत बसली होती. कुणाला दाखवायला नव्हे, सवयीने. नजर मात्र मशिनच्या काचेआड फिरणाऱ्या फेसात हरवलेली, जणू ती त्या खोलीत नव्हतीच.

ती नजर गुनेलच्या ओळखीची होती; गुरुवारी कवडसे बघताना तिचीही अशीच होई. घरं फिरवण्याच्या बाजूने तिने हात वर केला.

"एवढंच? भाषण नाही?" इल्वाने टोमणा मारला.

"कॉफी गार होतेय."

पुढच्या गुरुवारी गुनेल एका जिन्याच्या चौथ्या मजल्यावर बादली टेकून धापा टाकत होती, तेव्हा समुद्राकडच्या घरातून सेलामचा फोन आला.

"गुनेल, व्हॅक्यूम कुठे ठेवतात गं इथे?"

"जिन्याखालच्या कपाटात. दार जरा उचलून ओढ."

"बरं."

फोन बंद झाला नाही. मग लांबून समुद्रपक्ष्यांचा आवाज.

"सेलाम? काय करतेस?"

"काही नाही गं. उभी आहे."

"मग राहा उभी जरा," गुनेल म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून पायरीवर टेकली.