पीएचडी सोडायला कर्जतच्या डोंगरात

पीएचडी सोडायची हे ठरलंच होतं. फक्त कर्जतच्या डोंगरात ठोकलेल्या माझ्या खुंट्या आणि लाल दोऱ्या काढून आणायच्या होत्या. रानात कचरा टाकून पळायचं नाही, एवढी लाज शिल्लक होती.

नोव्हेंबरातला शनिवार. पनवेलहून स्कूटरने जुन्या हायवेला लागले. लोधिवलीच्या आसपास ट्रक अंगावर येतात, सांभाळून जा. चौकला मिसळ खाल्ली (सत्तर रुपये, तर्री वेगळी मागा) आणि कर्जतच्या रस्त्याला वळले. गाडी खाली लावून वाडीपर्यंत अर्धा तास चढ. पाणी घरूनच न्या, वर दुकान नाही.

आता माझं संशोधन. चाईच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची आपण भाजी करतो. वाडीतल्या बायका त्याचे कंदही खणून नेतात. खणून खणून वेल संपतोय, हे मला सिद्ध करायचं होतं. म्हणून रानात खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखले: दोरीच्या आत खणायला बंदी, बाहेर मोकळीक. तीन पावसाळे मोजलं. आणि दरवर्षी आतले वेल कमी, बाहेरचे जास्त! माझे गाईड सर म्हणायचे, "परत मोज." शेवटी मलाच वाटायला लागलं, आपल्याला साधं मोजताही येत नाही.

वर पोचले तर वाडीतल्या हिरामावशी खणत होत्या. पहारीने हातभर कंद काढला, कोयत्याने वेलाकडचा चार बोटं तुकडा कापला आणि परत खड्ड्यात ठेवून माती दाबली.

मी जागच्या जागी थिजले. "मावशी, हे काय केलंत?"

"डोकं ठेवलं गं, त्यालाच नवा वेल फुटतो. नाय ठेवलं तं फुडल्या साली खायाचं काय?"

"तीन वर्षांत मला बोलला का नाहीत?"

"तू पावसाची येतीस, वेल मोजतीस नि जातीस. आमी खणतो तवा कुटं असतीस?"

"आणि दोरीतले वेल?"

"जुना कंद कुजतो, डुकरं खात्यात. आमी हात नाय लावला. तूच बोललीस ना!"

मी तिथेच खाली बसले. या बायकांनी तीन वर्षं माझ्या दोरीचा मान राखला, आणि मी निघाले होते त्यांनाच दोषी ठरवायला. शी! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मावशींनी उकडलेला कंद आणि मिरचीचा ठेचा पुढे केला, तो खाल्ला.

घरी येऊन सरांना फोन लावला. "सर, मोजणी बरोबर होती. प्रश्नच चुकला होता." सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "म्हणजे सगळं पहिल्यापासून? अजून किती वर्षं?"

"तीन तरी."

बोलून गेले आणि मीच हबकले. सकाळी मला यातला एक दिवससुद्धा नको होता.