ताईच्या नावावरचं ॲप

माझ्या ॲपच्या पानावर सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘आम्ही तुमची कोणतीही माहिती गोळा करत नाही.’ ही ओळ मी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिली होती आणि ती खरी होती. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव, मृत्यूची तारीख आणि वेळ भरायची. ॲप त्यावरून तिथी काढतं आणि दरवर्षी श्राद्धाच्या चार दिवस आधी आठवण देतं. भरलेलं सगळं त्याच फोनमध्ये राहतं. कोणाची आई कधी गेली हेसुद्धा मला कळू नये, याची मी व्यवस्था केली होती. त्या ओळीच्या थोडं वर माझ्या मोठ्या बहिणीचं पूर्ण नाव, मनीषनगरातल्या तिच्या फ्लॅटचा नंबर आणि तिचा मोबाईल नंबर होता. तेही मीच भरलं होतं.

हे कसं झालं ते मी आतापर्यंत दोघा-तिघांना सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी स्वतःला थोडं सांभाळून सांगितलं आहे. इथे ते टाळायचा प्रयत्न करतो.

मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. प्रोग्रॅमिंग चाळिशी उलटल्यावर शिकलो, हौस म्हणून. वडिलांची तिथी आम्ही तीन वर्षं चुकीच्या दिवशी केली, त्यावरून हे ॲप सुचलं. सहा-सात महिने रविवारी बसून ते तयार केलं. मग ते ॲप-स्टोअरवर टाकायची वेळ आली आणि मी अडलो. तिथे ॲप टाकणाऱ्याला आपली ओळख पटवावी लागते. ॲपमध्ये मी जाहिराती नसलेली एक विकत घ्यायची आवृत्ती ठेवली होती, आणि विक्री करणाऱ्याचं नाव-पत्ता तर सगळ्यांना दिसतो. आमच्याकडे खाजगी उद्योग करायचा तर खात्याची परवानगी लागते. माझ्या डोळ्यांसमोर लगेच ‘कारणे दाखवा’ नोटीस उभी राहिली. माझं नाव, माझा पत्ता उघड्यावर नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आमच्या घरी कोणतीही नवी गोष्ट ताईच्या हाताने सुरू होते. स्कूटर घेतली तेव्हा पहिलं कुंकू तिने लावलं. आमच्या फ्लॅटमध्ये पहिला पाण्याचा पितळी गुंड तिने भरून आणला. तेव्हा ॲप तिच्या नावाने काढलं तर कोणी काही विचारणार नव्हतं. बायकोला मी तसंच सांगितलं आणि तिला ते आवडलं. ताईलाही फोनवर तेच सांगितलं.

“मले काय समजते गा त्यातलं?” ती म्हणाली.

“तुला काही करायचं नाही. आधार कार्डाचा फोटो पाठव आणि मोबाईलवर एक आकडा येईल, तो सांग.”

“आकडा तर मी कोणालेच सांगत नाही. बँकवाले रोज मेसेज पाठवतात, सांगू नका म्हणून.”

“मी कोण आहे?”

“भाऊ आहेस म्हणून तर विचारून राहिली. दुसरा असता तर फोनच ठेवला असता.” मग तिने आकडा वाचला. शाळेत हजेरी घेतात तसा, एकेक अंक सुटा, दोनदा.

आता ताईबद्दल सांगायला हवं. तिचं सासर सावनेरकडचं. तेरा वर्षं संसार केल्यावर ती तिथून निघाली, नंतर कोर्टातून फारकत झाली. नवऱ्याने फारकत मानली नाही. नागपुरात ती आधी दोन ठिकाणी भाड्याने राहिली आणि दोन्ही ठिकाणी त्याने तिला शोधून काढलं. तो काही करत नसे. समोरच्या बाजूला मोटरसायकल उभी करायचा आणि तिच्यावर बसून राहायचा, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. पोलिसांनी विचारलं, त्याने तुम्हाला काही म्हटलं का? त्याने काही म्हटलेलं नसे. दुसऱ्या घरी ती चार महिने गॅलरीत कपडे वाळत घालू शकली नाही.

मनीषनगरचा फ्लॅट तिचा तिसरा. तिथे ती चार वर्षं राहत होती आणि तो आला नव्हता. एका खाजगी शाळेच्या ऑफिसात नोकरी, दारावर पाटी नाही, कुरिअर सगळं माझ्या पत्त्यावर. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकासुद्धा माझ्या घरी यायच्या. आधार कार्डावरचा पत्ता बँकेच्या कामासाठी बदलावा लागला, तेव्हाही तिने मला आधी विचारलं होतं की हा पत्ता बाहेर कोणाला दिसतो का. मी खात्रीने नाही म्हणालो होतो.

त्याच कार्डाचा फोटो मी वापरला.

स्टोअरचा फॉर्म भरताना एका ठिकाणी चौकट होती आणि तिच्यासमोर लिहिलं होतं की ही माहिती सार्वजनिक दिसेल. त्याखाली, ती नेमकी कशी दिसेल याचा नमुनाही होता. त्यात ताईचं नाव आणि पत्ता आला होता. मी तो नमुना पाहिला. स्पेलिंग तपासलं. फ्लॅटच्या नंबरात एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त केला. मग चौकटीत खूण केली. त्या वेळी तो माणूस आणि ती मोटरसायकल माझ्या मनात आली नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ती आली होती. एक क्षणभर आली आणि मी म्हणालो, तिथीच्या ॲपमध्ये त्याला काय काम.

दोन महिने काही झालं नाही. लोक ॲप घेत होते, बरं लिहीत होते. मग एका दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला.

“तू ये. आता ये.”

“काय झालं?”

“एक बाबाजी आलेत भिवापूरहून. तुझ्या ॲपचे.”

मी अर्धी रजा टाकून गेलो. हॉलमध्ये सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ चहा पीत बसले होते. बाजूला पिशवीत लाल मिरच्या होत्या, त्यांच्या वासाने खोली भरली होती. ताई दाराजवळच्या खुर्चीत होती.

“तुम्हीच का ते तिथीवाले साहेब?” त्यांनी विचारलं. “बाई म्हणते, मले काई समजत नाई, भावाले समजते. मी म्हटलं, नाव तर तुमचंच हाय.”

त्यांची अडचण साधी होती. पत्नीची तिथी ॲप दशमी दाखवत होतं आणि त्यांचे भटजी एकादशी सांगत होते. मी त्यांचा फोन पाहिला. त्यांनी मृत्यूची वेळ भरलीच नव्हती, आणि वेळ नसेल तर ॲप सूर्योदयाची तिथी धरत होतं.

“कधी गेल्या?”

“साडेदहाले. भाकरी झाल्यावर.”

मी वेळ भरली. एकादशी आली.

“म्हणजे भटजी बरोबर,” ते हसले. “मी त्याले लय बोललो ना पण. म्हटलं, मोबाईलपेक्षा तुले जास्त समजते का? आता त्याले जेवाले बलवा लागते.”

“तुम्ही फोन केला असता तर चाललं असतं, काका,” मी म्हणालो.

“फोन लावला ना. बाईनं उचललाच नाई.”

“अनोळखी नंबर मी उचलत नाही,” ताई म्हणाली.

“म्हणून तर आलो. पोरीकडं यायचंच होतं, म्हटलं जाता जाता होऊन जाईल. पत्ता तर होताच. ऑटोवाल्याले वाचून दाखोला, खालच्या किराणावाल्याले वाचून दाखोला. त्याले तर तुमचं नावच माईत नोतं, बाई. चार वर्षं झाले म्हणे, पण नाव आजच समजलं.”

ताईने त्यांना आणखी चहा विचारला. ते मिरच्या ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, वेळेचा रकाना लाल रंगात करा, म्हणजे माणूस सोडणार नाही. सूचना चांगली होती. पुढे मी तो लाल केला.

दार लावून ताई आली आणि म्हणाली, “दाखव.”

मी फोनवर ते पान काढून दिलं. तिने ते वाचलं, वर सरकवलं, पुन्हा वाचलं.

“हे कोणालेही दिसते?”

“हो.”

“सावनेरले बी?”

मी मान हलवली.

“तुले माहीत होतं का, हे असं दिसणार म्हणून?”

“नाही,” मी म्हणालो. “ते लोक असं करतील असं वाटलं नव्हतं.”

ती म्हणाली, “बरं.” मग ती मिरच्या गॅलरीत वाळत टाकायला गेली आणि लगेच परत आली. पिशवी तिने स्वयंपाकघरात ठेवली.

त्या संध्याकाळी मी ॲप खाली उतरवलं. पण काही वेबसाइटी स्टोअरवरची माहिती उचलून आपल्याकडे ठेवतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ताईचं नाव टाकून शोधलं की त्यांतल्या चार-पाच निघत होत्या, पत्त्यासकट. मी सगळ्यांना लिहिलं. दोघांनी माहिती काढली. एकाने माझ्याकडे तिची ओळख पटवणारी कागदपत्रं मागितली. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही.

ऑफिसातही मी शेवटी सांगून टाकलं. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, अर्ज द्या, एवढं काय त्यात. तीन आठवड्यांनी परवानगी आली. मग त्यांनी आपला फोन पुढे केला आणि त्यांच्या आजोबांची तिथी काढून द्यायला सांगितली. मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं. परवानगी हाती आल्यावर मी ॲप माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर पुन्हा टाकलं.

ताईने मात्र दुसरं घर बघायला सुरुवात केली होती. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला.

“चार महिने झाले, ताई. कोणी आलं नाही. त्याने पाहिलंच नसेल.”

“मग काय करू? तो आला की मग जाऊ?”

“तसं नाही, पण तुझी शाळा इथून जवळ आहे. शेजार चांगला आहे.”

“शेजाऱ्याले आता माझं नाव माहीत आहे,” ती म्हणाली. “आणि मी पुन्हा खिडकीतून बघून राहिली. सकाळी उठली की आधी खाली बघते, मग दात घासते. तो येवो की न येवो, माझं तर सुरू झालं ना गा.”

सामान बांधायच्या दिवशी मी आणि बायको मदतीला गेलो. बायको आतल्या खोलीत कपडे भरत होती. स्वयंपाकघरात ताई स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि मी ते खोक्यात रचत होतो.

“ताई,” मी म्हणालो, “ते लिहिलेलं होतं तिथे. सगळ्यांना दिसेल म्हणून. मी वाचलं होतं.”

ती डबा गुंडाळत राहिली.

“माझं नाव कुठे दिसू नये म्हणून मी तुझं दिलं. तुझ्या हातून सुरुवात वगैरे मी नंतर जुळवलं.”

“वाटलंच होतं मले,” ती म्हणाली. “त्या दिवशी तू ‘नाही’ म्हटलं ना, ते लय लवकर म्हटलं.” तिने गुंडाळलेला डबा माझ्याकडे दिला. “मले फक्त एवढं सांग, तुले त्याची आठवण आली होती का तेव्हा?”

“आली होती.”

“हो ना,” ती म्हणाली. आम्ही राहिलेले डबे भरले.

टेम्पो आला. सामान चढलं. मी स्कूटरची किल्ली काढली, मागोमाग जायचं म्हणून. घर कुठे घेतलं हे तिने अजून सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आज दिसेलच म्हणून. ताई ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली.

“तुम्ही दोघं आता घरी जा,” ती म्हणाली. “तिथं माणसं आहेत उतरवायले.”

“मी येतो ना.”

“नको गा. जाय तू.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. टेम्पो निघून गेला.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जेवायला जायचं असतं. त्या वर्षी ताई आमच्याकडे आली. आदल्या दिवशी बायकोला फोन करून म्हणाली होती, पाट मांडून ठेव वं, मी येते बाराले. तिने मला ओवाळलं, तिच्या हाताने वाढलं, पुरणपोळीत मीठ कमी आहे म्हणून बायकोची थट्टा केली. बायकोने नव्या घराचं काही विचारलं नाही. शेजार कसा आहे, एवढं मी विचारलं. “बरा आहे,” ती म्हणाली. फोन ती करते, दर रविवारी. मी केला तरी उचलते. कुरिअर आता माझ्याकडे येत नाही.

जाताना तिने मोबाईलवर गाडी बोलावली. मी शेजारीच उभा होतो. पत्ता टाकताना तिने मोबाईल थोडा आपल्याकडे वळवला. मुद्दाम नाही, सवयीने वळवतात तसा. गाडी आली. ताई मागे बसली आणि ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, “मॅडम, जाना कहाँ है, वो...”

“चलो तुम,” ती म्हणाली. “रस्ते में बताती हूँ.”

ड्रायव्हरला वाटलं मीही बसणार आहे. तो गाडी सुरू ठेवून माझी वाट पाहत राहिला. मी त्याला हाताने जायला सांगितलं आणि गाडी कोणत्या बाजूला वळते ते न पाहता आत आलो.