दोन खोल्यांचा उकाडा

'चालतंय गं, एवढं काय त्यात,' असं कुणी म्हटलं की ब्रिजिट डाबरेच्या डोक्यात तिडीक जाते. अबू धाबीच्या एका मोठ्या हॉटेलात ती एकोणीस वर्षं बँक्वेटला आहे, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून. काटा ताटापासून बोटभर म्हणजे बोटभरच. बुफेवरचा गरम पदार्थ त्रेसष्ट डिग्रीच्या खाली उतरला की तो आत परत, मग समोर शेख उभा असो की शेफ. तिच्या कोटाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असतो, पदार्थात टोक खुपसून तापमान बघायचा. घरी वरणातसुद्धा ती तो खुपसते, असं तिची मुलगी सोफिया सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही.

मायलेकी मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात. नवरा रॉक चार वर्षांपूर्वी कंपनी बंद पडल्यावर वसईला परत गेला, तो वाडी बघत तिथेच राहिला. तेव्हापासून सोफियाचा व्हिसा आईच्या नावावर आहे. आईची नोकरी गेली तर दोघींना बाडबिस्तरा आवरायचा, आणि सोफिया नेमकी बारावीत. बारावीत मध्येच शाळा बदलायची म्हणजे वर्ष हातचं गेलंच समजायचं. त्यामुळे ब्रिजिटने यंदा ठरवलं होतं: मार्चपर्यंत कुणाशी वाद घालायचा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिने हे पाळलं, ही तिच्या मते तपश्चर्याच होती.

आणि सप्टेंबरात त्या दोन खोल्या आल्या.

आखातापलीकडच्या एका देशाशी जगाने जवळजवळ बोलणं टाकलं होतं. तो अणुबॉम्ब बनवतोय, असं बाकीचे म्हणत. आम्ही काय बनवतो ते आमच्या घरात, असं तो म्हणे. उन्हाळाभर हल्ल्याच्या वावड्या उठत होत्या. इकडे नळाला येतं ते समुद्राचंच पाणी, मीठ काढलेलं. पलीकडे काही फुटलं तर ते प्यायचं की नाही, हा प्रश्न घरोघरी होता. ब्रिजिटच्या पलंगाखाली पाण्याचे चौदा खोके होते आणि ती रोज रात्री ते मोजून झोपे. शेवटी इथल्या सरकारने आजूबाजूच्या दोन-तीन देशांना हाताशी धरून खटपट केली आणि पलीकडच्यांना व त्यांच्या वैऱ्याला, म्हणजे समुद्रापारच्या बड्या देशाला, ब्रिजिटच्या हॉटेलात आणलं. एका खोलीत मात्र आणता आलं नाही. तोंड बघणार नाही, असं दोघांचंही म्हणणं. मग डावी खोली पलीकडच्यांना, उजवी बड्या देशाला, आणि मध्यस्थांनी दिवसभर इकडून तिकडे येरझारा घालायच्या.

परराष्ट्र खात्याची नबिला नावाची तरुण अधिकारी व्यवस्था बघत होती. तिने पहिल्याच दिवशी एकच नियम सांगितला: जे एका खोलीत, तेच दुसऱ्या खोलीत. ब्रिजिटला असा नियम म्हणजे पर्वणीच. तिने खजूरसुद्धा मोजून लावले, प्रत्येक ताटलीत एकवीस. दोन्ही खोल्यांचे दरवाजे एकाच वेळी उघडायचे म्हणून दोन वेटर घड्याळं जुळवून उभे केले. बँक्वेटचा मॅनेजर सुजीत, पुण्याचा, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हसून म्हणाला, "ब्रिजिट आंटी, बॉम्बचं मिटेल, पण तुमच्या खजुरांचं काय?" ती पुढची ताटली मोजायला लागली. मार्च अजून लांब होता.

दोन दिवस बोलणी एकाच मुद्द्यावर अडून होती. कारखान्यात तपासनीस येऊन बघणार, यंत्रं खरंच बंद आहेत का. पलीकडचे म्हणत, आम्ही सांगतोय ना बंद आहेत. बडे म्हणत, दाखवा. चहा नेणाऱ्या वेटरलासुद्धा हे पाठ झालं होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता डाव्या खोलीचा एसी बंद पडला.

बाहेर त्रेचाळीस डिग्री. खिडक्या न उघडणाऱ्या. मेंटेनन्सचा माणूस म्हणाला, मोटर जळली, दुसरी मुसाफ्फाच्या औद्योगिक भागातून यायला चार वाजतील. खोली बदलता येईना, कारण दोन्ही खोल्या आदल्या दिवशी तीन-तीन सुरक्षापथकांनी ठोकून-वाजवून सील केल्या होत्या. सुजीतने पूलजवळचे दोन कूलर मागवले, तर पलीकडच्यांच्या सुरक्षारक्षकाने ते दारातच अडवले; नवीन मशीन आत येणार नाही. बारा वाजेपर्यंत त्यांचा म्हातारा प्रमुख कोटाची सगळी बटणं लावून, घामाने निथळत बसून होता. मग त्याने निरोप दिला. एसी बिघडलेला नाही, बिघडवलेला आहे. एक वाजता आम्ही एअरपोर्टला निघतो.

नबिला दोन खोल्यांमधल्या पँट्रीत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. दोन्ही एसींची बटणं त्याच पँट्रीत, कुलूपबंद पेटीत, आणि किल्ली ब्रिजिटच्या कमरेला.

ब्रिजिटला तिची आई आठवली. वसईला तिच्या बापाची आणि काकाची विहीर एक होती आणि तोंडं दोन दिशांना. एका वैशाखात काकाची मोटर जळली. तो गावभर सांगत सुटला की भावाने माझी बाग मारायला मोटर जाळली. आईने कुणाला न विचारता स्वतःचीही मोटर बंद केली, काकाची दुरुस्त होईपर्यंत, तीन दिवस. केळीची पानं करपली. बापाने आकाशपाताळ एक केलं. भांडण काही मिटलं नाही, पण मोटर जाळल्याचं काका पुन्हा कधी बोलला नाही.

"मॅडम," ब्रिजिट म्हणाली, "उजवीकडचापण बंद करू या."

नबिलाने पँट्रीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाली, "याला मी हो म्हणू शकत नाही. ते आमचे पाहुणे आहेत."

"तुम्ही काही म्हणूच नका. किल्ली माझ्याकडे आहे."

सुजीत तेवढ्यात आत आला होता. "ब्रिजिट, आर यू मॅड? त्या खोलीत कोण बसलंय माहितीये ना? हे केलंस तर मी तुला वाचवू शकणार नाही. टर्मिनेशन, खलास. सोफियाचं बारावीचं वर्ष आहे, विसरलीस?"

विसरली नव्हती. पण तिच्या डोळ्यांपुढे एक वाजता निघणाऱ्या गाड्या होत्या आणि त्यानंतरचं सगळं. त्या पाण्याच्या चौदा खोक्यांवर सोफियाची बारावी होणार होती थोडीच. तिने पेटी उघडली आणि बटण बंद केलं.

साडेबारापर्यंत उजव्या खोलीतही टाय सैल झाले. नबिलाने डाव्या खोलीला निरोप नेला: त्यांचाही बंद आहे. निरोप परत आला: आमचा विश्वास नाही, दाखवा.

ब्रिजिट आयुष्यात कधी नव्हे एवढ्या जोरात हसली; नसती हसली तर बरं झालं असतं, कारण सुजीत ते कधीच विसरला नाही. पण दोन दिवस 'दाखवा' या शब्दावर चिडणाऱ्यांनीच आता 'दाखवा' म्हणावं! नबिलालाही हसू आवरेना. मध्यस्थांनी विचारलं, बडे तयार झाले, पण एका अटीवर: मग आम्हीही बघणार, तुमचा खरंच बिघडलाय का. बारा पन्नासला डावीकडून एक टकला, पोट सुटलेला अधिकारी बाहेर पडला आणि उजवीकडून एक उंच बाई. ती दोघं एकमेकांकडे न बघता कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. मध्ये ब्रिजिट.

तिने थर्मामीटर काढला. आधी उजवी खोली, टेबलाच्या मधोमध, दोन मिनिटं. टकल्याने वाकून आकडा वाचला: तीस पॉइंट चार. समोर बसलेल्यांच्या शर्टांना घामाचे डाग होते, एक जण फायलीने वारा घेत होता. मग डावी खोली. बाईने वाकून वाचलं: एकतीस पॉइंट एक.

"लिहून हवं," टकला म्हणाला.

"लिहून हवंच," बाई म्हणाली.

दोघांना मान्य होईल असा कागद कुणाचा? कुणाच्याच देशाचा नको. ब्रिजिटने आपला नेहमीचा तक्ता पुढे केला, वेळ, पदार्थ, तापमान, सही असे चार रकाने असलेला. सकाळी त्यावर हमूस आणि चिकन लिहिलेलं होतं. त्याखाली तिने 'उजवी खोली' आणि 'डावी खोली' लिहिलं, आकडे टाकले आणि पेन दिलं. दोघांनी सह्या केल्या. तीन दिवसांत दोन्ही बाजूंनी सही केलेला तो पहिला कागद, आणि वरच्या ओळीत हमूस.

"दर तासाला," बाई बाहेर पडताना म्हणाली. टकल्याने मान हलवली.

एअरपोर्टच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. दोन वाजता, तीन वाजता, चार वाजता ती दोघं तिच्यासोबत दोन्ही खोल्या फिरली. मोटर बसल्यावरही दोन्ही एसी त्यांच्या डोळ्यांदेखत एकदमच सुरू झाले.

सहा वाजता हॉटेलच्या जनरल मॅनेजरच्या, म्हणजे जीएमच्या केबिनमध्ये तिला कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं. बड्या देशाच्या सुरक्षाप्रमुखाने लेखी तक्रार केली होती. जीएमने विचारलं, परवानगी कुणाची होती? सुजीत बुटांकडे बघत होता. ब्रिजिट म्हणाली, "कुणाची नाही. मीच बंद केला." नबिलाचं नाव तिने घेतलं नाही. माफी मागशील का, असंही जीएमने विचारलं. तिने सरळ नाही म्हटलं. असं करणं चूक आहे हे तिला पटत नव्हतं, आणि न पटलेल्या गोष्टीची माफी तिला मागता येत नाही. जीएमने पेन उचललं.

फोन वाजला, परराष्ट्र खात्याचा. जीएम बराच वेळ "येस, येस" म्हणत ऐकत राहिले, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. पत्र फाडलं नाही. ड्रॉवरमध्ये टाकलं.

घरी आली तेव्हा सोफिया केमिस्ट्रीचं पुस्तक उलटं ठेवून टीव्हीसमोर बसली होती. सुजीतने न राहवून तिला फोन केला होता, हे उघडच होतं. "मॉम, डिड दे फायर यू?"

"नाही अजून."

"व्हॉट डू यू मीन, नाही अजून?"

ब्रिजिटने बूट काढले आणि पाय चोळत बसली. "करार काही झाला नाही त्यांचा. पुढची बैठक नऊ दिवसांनी, याच हॉटेलात. तोपर्यंत कुणी कुणावर काही टाकायचं नाही, एवढं कबूल केलंय. आणि दोघांनीही अट घातली, तापमान लिहिणारी बाई तीच हवी. म्हणून जीएमनी पत्र थांबवलंय."

"सो वी हॅव नाइन डेज?"

"आपल्याला नऊ, त्यांनाही नऊ."

सोफियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अँड देन व्हॉट, मॉम?"

ब्रिजिटने टीव्ही बंद केला, पुस्तक सुलटं केलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"मग बघू. तुझा केमिस्ट्रीचा पेपर गुरुवारी आहे, तो नऊ दिवसांत बसतो. यल्ला, चल, अभ्यासाला लाग."