मोहाच्या दिवसांतली हजेरी

"या पोरीले हॉल तिकीट मिळणार नाई," प्राचार्य म्हणाले. "हजेरी पाहा. मार्च सगळा कोरा."

कोराच असणार. कुरखेड्याच्या आमच्या कॉलेजातली जंगलगावची पोरं मोह पडू लागला की घरी जातात. फुलं पहाटे पडतात, तेव्हाच वेचावी लागतात. विद्यापीठात वेळापत्रक आखणाऱ्यांनी मोहाचं झाड पाहिलेलं नसावं. सुनीता मडावीची परीक्षा हुकली असती, तर कॉलेजच सुटलं असतं. घरी सोयरिकीची बोलणी चालू होती.

मी तासिकेवर भूगोल शिकवायचो, म्हणजे कायम नोकरी नाही. मोबाइलवर इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. पोरं एका सोशल नेटवर्किंग साइटवर 'स्क्रॅप' टाकायची, म्हणजे एकमेकांच्या पानावर निरोप. मी तिथंच वर्गाची कम्युनिटी उघडली. नोट्स तिथं, प्रश्न तिथं. बाजाराच्या दिवशी पोरांनी कुरखेड्यात यायचं, सायबर कॅफेत बसून उत्तरं टाकायची. सुनीतानं एकही आठवडा चुकवला नव्हता.

मी तिच्या उत्तरांचे प्रिंटआउट प्राचार्यांपुढे ठेवले.

"पोरं फोटो टाकतात, तेच ना हे?"

"तेच, सर. तिथंच तिनं वैनगंगेच्या खोऱ्यावर दोन पानं लिहिली."

"तिनंच लिहिली कशावरून? पासवर्ड कोणालेही देता येते."

संताप आला. पण प्रश्न खरा होता. हजेरी निदान माणूस समोर पाहून लावतात. माझ्याकडे नुसतं नाव होतं.

तडक कॅफे गाठला. चालवणारे शकीलभाऊ म्हणाले, "सर, इतके काऊन तापून राह्यले? सही केल्याबिगर मी माऊसले हात नाई लावू देत." पोलिसांचा नियमच होता: रजिस्टरात गिऱ्हाइकाची सही, आल्या-गेल्याची वेळ. सुनीताची सही दर बाजाराला होती.

शकीलभाऊ स्वतः रजिस्टर घेऊन आले. प्राचार्यांनी सह्या प्रवेश अर्जाशी ताडल्या, वेळा प्रिंटआउटशी. मग सुनीताला बोलावून विचारलं, "कॅफेत बसते, घरी माहीत आहे?"

"बाबाच भायेर बसून राह्यते, सर. म्हणते, लवकर लिव, गाडी जाईन."

प्राचार्यांनी हॉल तिकिटावर सही केली. सुनीता पास झाली. सोयरिकीची बोलणी वर्षभर पुढे गेली.

पोलिसांनी संशयापोटी ठेवायला लावलेलं रजिस्टर पोरीच्या कामी आलं. कॉलेजच्या हजेरीपटाला ती दिसलीच नव्हती. शिकवायला नवं तंत्र खुशाल वापरा. फक्त साहेबाकडे जाताना सही असलेला कागद न्या.