जनरेटरच्या ट्रॉलीचा रिमोट

डॉक्टरांनी बाबांना जॅक फिरवायला बंदी केली आणि त्या दिवसापासून माझंच ऑफिसात लक्ष लागेना. बाबा लग्नांना जनरेटर भाड्याने द्यायचे. जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. टेम्पोपासून सोडवली की ट्रॉली पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभी करायची, आणि ते पाय, म्हणजेच जॅक, हँडल फिरवून खाली घ्यायचे. वर्षानुवर्षं ते हँडल फिरवून बाबांच्या उजव्या खांद्याची पार वाट लागली होती. माणूस ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या हाताला वजन कळत नाही." मी ऑफिसातून सारखा त्यांच्या मोबाइलवर फोन करायचो. "नाही फिरवत रे," असं ते सांगायचे आणि मागून हँडलची करकर ऐकू यायची. मला भयंकर संताप यायचा.

शेवटी ठरवलं, दोन्ही पायांना मोटर लावायची आणि वायरचा रिमोट बनवायचा. बाबांनी लांब उभं राहून बटण दाबायचं, बास. ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी भंगारवाल्याकडे मिळाल्या. चालतील का विचारलं, तर म्हणाला, "चलाओगे तो चलेगी." जवळच्याच गोडदेव गावातल्या एका वेल्डरने त्या जॅकला जोडून दिल्या. बॅटरी, रिले, वायर सगळं जमलं, राहिली फक्त बटणं. दाबून धरायची बटणं आणायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जायचं, म्हणजे अजून एक आठवडा. मला कुठला दम निघायला? घरात दिव्यांची चार जुनी बटणं पडली होती, तीच रिमोटच्या डबीत बसवली, प्रत्येक पायाला एक वर न्यायला, एक खाली आणायला. आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या मागे चाचणी घेतली. बाबांनी सवयीप्रमाणे ट्रॉलीच्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी कुठल्या काठाकडे झुकतंय ते बघून ते ट्रॉली सपाट करायचे. उजवा पाय आधीच टेकलेला होता. मी डाव्या पायाचं बटण दाबलं, पाय खाली आला, खाली ठेवलेल्या विटेवर टेकला, ट्रॉली उचलली गेली. मी बोट काढलं. पण दिव्याचं बटण ते, दाबलं की दाबलेलंच राहतं. पाय वाढतच गेला. पेला कलंडला. घाबरून मी दुसरंच बटण दाबलं आणि उजवा पाय वर जायला लागला. सगळं वजन डाव्या पायावर आलं, त्याच्याखालची वीट सरकली आणि ट्रॉलीचं नाक खाली यायला लागलं. बाबांनी मागचापुढचा विचार न करता खाली खांदा लावला. उजवा. मी बॅटरीची वायर उपटली, शेजारच्यांनी धावत येऊन ट्रॉलीखाली विटा सरकवल्या.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. घाम पुसत एवढंच म्हणाले, "हँडल सोडलं की थांबतं रे. हे पण तसंच पाहिजे."

दुपारी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दाराच्या बेलची चार बटणं आणली. दाबलं की चालू, सोडलं की बंद. एवढं साधं होतं ते. लॅमिंग्टन रोडला जायची गरजच नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यानंतर बाबांचा उजवा हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. शर्ट घालायलाही आई लागायची. रिमोट मात्र डाव्या हाताने झकास चालवायचे, आणि प्रत्येक लग्नात मांडववाल्यांना बोलावून दाखवायचे, "पोराने बनवलाय माझ्यासाठी. खांदा दुखतो ना माझा."