पहारीवरची टोपी

कुठल्याही हॉलमध्ये शिरलो की मी आधी दुसरं दार शोधतो. लग्नाचा हॉल असो की बक्षीस समारंभाचा, नवरा-नवरी राहतात बाजूला आणि मी भिंती न्याहाळत फिरतो. टिळकवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून माझी भरपूर थट्टा होते. "उपेंद्र सरांना जेवणापेक्षा बाहेर पडायची घाई जास्त," म्हणतात. म्हणोत बापडे. त्या रविवारी दुपारी निपाणीच्या वखारीत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.

गोष्ट माझी नाही, भरमाआप्पांची आहे. पण माझी ही भीती तिथली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगितलं.

निपाणीत धवल शेठ नावाचा एक उत्साही तरुण आहे. आजोबांचा तंबाखूचा मोठा व्यापार, वडिलांच्या काळात तो आटला, आणि धवलच्या वाट्याला एक रिकामी वखार आली. बेंगळुरात शिकताना त्यानं इनडोअर फुटबॉल पाहिला होता. त्यानं वखारीत रबरी फरशी घातली, लाकडी गॅलरी उभारली, पगारी खेळाडू आणले आणि 'वेदगंगा फाइव्ह' हा संघ सहा गावांच्या लीगमध्ये उतरवला. पाटी कुठल्या भाषेत लिहायची यावर महिनाभर खल झाला. शेवटी कुणी काळं फासू नये म्हणून नुसते ओळीनं पाच चेंडू रंगवले. प्रशिक्षक म्हणून मला बोलावलं. बेळगावात फुटबॉलवेड्यांची काही कमी नाही, पण दर शनिवार-रविवार निपाणीला जाणारा वेडा त्यांना एकच मिळाला. हा संघ एक हंगामसुद्धा पुरा जगला नाही.

वखारीत तंबाखू चाळीस वर्षं राहिली होती. तुळयांवर, कौलांखाली, भिंतींच्या भेगांत तिची भुकटी होती. आमचा गोलकीपर सौरव पहिले दोन दिवस नुसता ओकत होता. चेंडू भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून मी दोन्ही गोलांच्या मागं तंबाखूच्या बोदांची, म्हणजे गठ्ठ्यांची, जुनी तरटं टांगायला लावली. फुकटात काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो. माल चढवायचं मागचं दार गॅलरीआड गेलं होतं, वापरातलं दार एकच उरलं. मागच्या भिंतीत जमिनीलगत एक झडप होती, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच. पूर्वी काड्या आणि भुकटी त्यातून बाहेर लोटायचे. आता उंदीर येतात म्हणून ती बुजवून टाका, असं मी भरमाआप्पांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर चांगला तापलो होतो. "करतो सर, शिमेट आणून ठेवलंय," ते म्हणाले.

भरमाआप्पा वखारीचे राखणदार. एकोणिसाव्या वर्षी कामाला लागले, मला भेटले तेव्हा साठी ओलांडली होती. कामाला लागून दोनच महिने झाले असताना पाच किलो तंबाखूचं पान चोरीला गेलं. म्हाताऱ्या शेठनी, म्हणजे धवलच्या आजोबांनी, त्यांना कामावरच्या दीडशे बायकांसमोर दिवसभर उन्हात उभं केलं. मग स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि दाराला बाहेरून आडवी सरकवायची ती लोखंडी पहार असते ना, तिच्या टोकाला अडकवली. "ही पहार म्हंजी तुझी अब्रू," म्हणाले. तेव्हापासून बायका सकाळी आत गेल्या की आप्पा पहार सरकवायचे, तिच्यावर टोपी ठेवायचे आणि बाहेर बसायचे. दार उघडलं की टोपी परत डोक्यावर. तंबाखूच्या वखारीत पाखडण-निवडण करणाऱ्या बायकांना असंच कोंडून ठेवायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. त्या बायकांत त्यांची स्वतःची बायको जयाबाईही होती. "तीस वर्षांत माज्याबिगर त्या दारातनं मुंगी भाईर पडली न्हाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, गणती नाही.

आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं ते हे, की आमच्या सामन्यांनाही ते पहार लावायचे. सामना सुरू झाल्याची शिट्टी झाली की पहार लागायची, मध्यंतराच्या शिट्टीच्या अंदाजानं निघायची. सहा सामने असे झाले. प्रत्येक वेळी तीनशे माणसं आत ओरडत, नाचत होती, आणि कोंडलेली होती. आप्पांनी एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही. त्यांना खेळ कळायचा तो शिट्ट्यांवरून.

सातवा सामना बेळगावच्या संघाशी होता. जयाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आल्या. जिथं जन्मभर पानं निवडली तिथं ही पोरं करतात तरी काय, एवढंच त्यांना बघायचं होतं. मागच्या भिंतीकडेला त्यांना खुर्ची मिळाली. साडेतीनला शिट्टी झाली. पाच मिनिटांत धवलनं आतून आप्पांना फोन केला. प्रमुख पाहुणे इचलकरंजीहून येताना वाट चुकले होते आणि बोरगाव रस्त्याला गाडी थांबवून बसले होते. "आप्पा, जावा की, घेऊन या त्यास्नी."

आता राखण सोडून जायचं तर दार उघडं टाकून कसं जाणार? आप्पांच्या चाळीस वर्षांच्या अकलेनं एकच उत्तर दिलं. पहार नीट सरकलीय का ते त्यांनी हलवून पाहिलं, टोपी सारखी केली आणि मोपेडला किक मारली. मध्यंतराच्या आत परत येतो, असा त्यांचा हिशेब होता.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. सहा-सात किलोमीटरवर उसाच्या ट्रॅक्टरचं चाक निखळलं होतं आणि दोन ट्रॉल्या रस्त्यात आडव्या झाल्या होत्या. पाहुण्यांची गाडी पलीकडं, आप्पा अलीकडं. ऊन मी म्हणत होतं. घाम पुसायला त्यांनी कपाळावर हात नेला, तो मागं सरकला, आणि हाताला नुसते केस लागले.

डोक्यावर टोपी नाही म्हणजे दार अजून बंदच आहे.

आधी त्यांना फक्त शिव्यांची भीती वाटली. मध्यंतर झालं असेल, माणसं दाराशी आली असतील, शेठ चिडला असेल. त्यांनी धवलला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. जयाबाईंकडं फोनच नव्हता. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला, पण बोललं कुणीच नाही. आतून खोकण्याचा आवाज आला, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. लांबून कुणीतरी बाई किंचाळली. मग "दार, दार" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. आप्पा वळले. निपाणीच्या अंगाला आभाळात राखट रंगाची रेघ दिसत होती आणि ते मोठ्यानं एकच बोलत होते, "जया आत हाय. जया आत हाय."

मीही आतच होतो. अठराव्या मिनिटाला आम्ही गोल केला आणि आमच्याच दीडशहाण्या समर्थकांनी फटाक्यांची माळ लावली. एक ठिणगी गोलामागच्या तरटावर गेली. जाळ असा मोठा झालाच नाही, तरट धुमसायला लागलं आणि त्यात मुरलेली चाळीस वर्षांची तंबाखू जळायला लागली. तो धूर साधा नसतो. घशात मिरचीची पूड कोंबावी तसं झालं, डोळे मिटले ते उघडेनात. माणसं दाराकडं धावली. पुढच्यांनी दार ढकललं, ते बोटभर हललं आणि थांबलं. बाहेरून काहीतरी लावलंय हे कळायला एक क्षण पुरला. त्यानंतर मागची माणसं पुढच्यांवर चढायला लागली.

मी घाबरलो. प्रशिक्षक, शिक्षक, काही उरलं नाही. सौरव दारावर खांद्यानं धडका देत होता, त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तरी त्याच्याकडं गेलो नाही. जमिनीवर पडून मी श्वास शोधत होतो. तेव्हा मला ती झडप आठवली. मागच्या भिंतीतली, जमिनीलगतची. मी त्या दिशेनं दोन हात सरपटलो आणि थांबलो, कारण ती बुजवायला मीच सांगितलं होतं. तीनदा. त्या क्षणाइतकी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही. धुराची नव्हे, स्वतःच्या आवाजाची. 'बुजवून टाका' म्हणणारा माझा तो तापलेला मास्तरी आवाज मला कानात स्पष्ट ऐकू येत होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लोक म्हणतात चार मिनिटं. मग दाराबाहेर लोखंड खणखणलं, दोन्ही फळ्या धाडकन उघडल्या आणि उजेड आत आला. माणसं एकमेकांच्या अंगावरून बाहेर सांडली. अकराजणांना दवाखान्यात न्यावं लागलं. मेलं कुणी नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा मोठ्यानं म्हटलंय, तरी अजून पुरता विश्वास बसत नाही.

आप्पा पोचले तेव्हा रस्त्यावर माणसं आडवी पडली होती. त्यांनी मोपेड चालतीच टाकून दिली. पहार धुळीत पडलेली, शेजारी टोपी, शेकडो पायांनी तुडवलेली. ते एकेका बाईचं तोंड वळवून बघत होते. मी तिथंच बसून खोकत होतो, पण त्यांना मी दिसलो नाही. जयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही खांदे सोलपटलेले, झंपर फाटलेला, कोपरातून रक्त येत होतं. आप्पा समोर जाऊन नुसते उभे राहिले.

"अवो, टोपी घाला डोईवर," त्या म्हणाल्या. "उघडलंय दार."

पहार जयाबाईंनीच काढली होती. त्या झडपेतून त्या बाहेर पडल्या होत्या आणि निवडुंगातून वखारीला वळसा घालून दाराशी आल्या होत्या.

त्यानंतर संघ संपला. धवलनं गर्दीमुळं दार अडकलं असं सांगितलं, लोकांनी ते मानलं. आप्पा खरं सांगायला निघाले होते, त्यांना मी अडवलं. त्यांच्या भल्यासाठी अडवलं असं मी तेव्हा म्हणालो. खरं म्हणजे मला भीती होती, कारण तरटं मी टांगली होती. वखारीला धवलनं कुलूप घातलं आणि किल्ली आप्पांना देऊ केली. त्यांनी हात मागं घेतला.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. घराच्या दाराची कडी काढून टाकलेली होती, नुसती भोकं दिसत होती. रात्री दार उघडंच असतं, जयाबाईंनी सांगितलं, मांजरं येऊन दूध पितात. आप्पा अंगणात बसले होते, डोकं उघडं. मी जयाबाईंना विचारलं, एवढ्याशा झडपेतून माणूस जाईल हे तुम्हाला कसं सुचलं? माझी समजूत होती की ती कधीच बुजवली असेल.

"शिमेटच्या पोत्यावर मी पानी वतलं," त्या म्हणाल्या. "दगड झाला त्याचा. ती झडप बुजवू द्यावी वाटलं न्हाय, सर."

"का?"

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "त्यातनं मी रोज भाईर जायाची. आमी समद्याच. ज्यांची तान्ही लेकरं व्हती त्या. मंगल तीन म्हैन्याची व्हती तवा. सासूबाई तिला मागं चिंचंखाली घिऊन यायच्या. आदी डोस्कं, मग येक खांदा, मग दुसरा. पाजलं की परत आत."

मंगल म्हणजे त्यांची थोरली लेक. आप्पांना हे ठाऊक नव्हतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, की ते आत्ता पहिल्यांदाच ऐकत होते.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"येकदा सकाळी, येकदा दोपारी."

"आनि मी फुडं बसलेलो असायचो."

"व्हय. टोपी पहारीवर ठिऊन."

आप्पा माझ्याकडं वळून बोलले, तिच्याकडं बघायचा धीर त्यांना झाला नाही.

"सर, मला तवा कळलं असतं तर मी शेठला सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. आनि शेठनं त्याच दिवशी ती झडप बुजवली असती."

"म्हनून तर सांगितलं न्हाय," जयाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.